मोठी गाडी संथ का दिसते?

१७ सप्टेंबर २०२५ला अहिल्यानगरहून रेल्वे बीडपर्यंत आली. पुढचा टप्पा वडवणीवरून परळीकडे. या भागात आता रूळ येणार, म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी: समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही.

कल्याण-निर्मल महामार्गावर माजलगावबाहेर उभे राहून पाहा. मोटारसायकल भर्रकन येते. तितक्याच वेगाचा कंटेनर मात्र दमादमाने येतोय असे वाटते. वेगाचा हिशेब आपण मुद्दाम करत नाही; डोळा आणि मेंदू तो परस्पर उरकतात आणि आपण फक्त पाऊल टाकतो. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी पाच सेकंदांत जवळपास १४० मीटर कापते. रूळ ओलांडायला तेवढाच वेळ लागतो.

हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये फाटकांवरच्या अपघातांशी या भ्रमाचा संबंध जोडला. माणसे बेफिकीर असतात म्हणून मरतात, हे सोपे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो. त्याने मेलेल्याला दोष देण्याआधी त्याला काय दिसले असेल, ते विचारले. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी पडद्यावर रेल्वे आणि मोटार दाखवून पाहिले, तेव्हा लोकांनी रेल्वेचाच वेग कमी धरला.

आपल्याकडे २००९च्या अखेरीस वडाळ्यात मध्य रेल्वे आणि ‘फायनल माइल’ या सल्लागार संस्थेने याच विचारावर आधारलेला उपाय केला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी ते पट्टे एकामागून एक गिळत येते, तेव्हा तिचा वेग नजरेत भरतो. सोबत गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली, आणि लांबलचक भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे. मृत्यू घटल्याच्या बातम्या गाजल्या. त्यांत लीबोविट्झचे नाव क्वचितच आले.

मात्र तिन्ही उपाय एकदम केले, तेही एका ठिकाणी. मग गुण कशाचा? पिवळ्या रंगाला सगळे श्रेय देणे घाईचे आहे. परळीच्या टप्प्यावर लोक रूळ ओलांडतील अशा दोन सारख्या जागा निवडाव्यात, एकीवर पट्टे रंगवावेत, दुसरी तशीच ठेवावी, आणि गाडी किती लांब असताना माणसे थांबतात ते दोन्हीकडे कॅमेऱ्याने मोजावे. खर्च रंगाचा आणि कॅमेऱ्यांचा.