शेपटीला टोपण

पहाटे ४.४५. लोणी भापकरला अजून उजाडायचंय. अंगणात जळक्या वॉर्निशचा वास रेंगाळतोय. काल विहिरीवरची मोटर जळाली. तीन फेजांतला एक गेला आणि ती दोनांवर कण्हत राहिली. आण्णा पिशवीत माझी भाकरी ठेवत म्हणाले, "भरायला टाकावी लागणार. तुझ्या त्या रबराचं वेष्टन घातलं तर जळायची नाही ना?"

"आण्णा, एच क्लासचं वेष्टनही १८० अंशांपर्यंतच. तुम्ही आधी स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा."

"बघू," म्हणाले. म्हणजे नाही.

५.३०. एसटी. मोरगाव, जेजुरी, सासवड, दिवे घाट. घाटाच्या कातळात आणि गावातल्या मल्लिकार्जुनाच्या दगडी खांबांत सिलिकॉन-ऑक्सिजनचाच बंध. माझ्या 'रबरा'चा कणाही तोच, फक्त प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथाइल गट लटकवलेले. हा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बनला ३५० च्या आसपास. मूलद्रव्य ते सिलिकॉन, बहुवारिक ते सिलिकोन. एका चंद्रकोरीसाठी प्रबंधात किती वेळा लाल शाई खाल्ली, ते विचारू नका.

९.४५. पुण्यातली प्रयोगशाळा. शुक्रवारी रात्री यंत्रात लावून गेलेल्या नमुन्याचा आलेख पडद्यावर. चिमूटभर नमुना, नायट्रोजनचा झोत, मिनिटाला १० अंश चढती उष्णता आणि सतत वजन. रेषा चारशेच्या आसपास तरी सपाट राहील अशी माझी आशा. ती २६० लाच घसरायला लागलेली.

मॅडम मागे येऊन उभ्या. "धुतलं होतंस?"

नव्हतं धुतलं. निर्वात पंप लावला की झालं, असं मी गृहीत धरलं होतं.

चूक कुठे झाली ते सांगते. आम्ही सुरुवात करतो डी-फोरपासून: चार सिलिकॉन आणि चार ऑक्सिजन यांचं कडं. त्यात कॉस्टिक पोटॅशचा कण टाकून १५० अंशांवर ढवळलं की कडी उघडतात, एकमेकांना जोडली जातात आणि काकवीसारखा, पण बिनरंगी द्रव होतो. गंमत अशी की हा रस्ता दुहेरी आहे. तोच पोटॅश साखळ्यांची पुन्हा कडी करतो. सिलिकोन तापल्यावर लाकडासारखं जळून जात नाही. साखळीचं शेपूट वळून स्वतःच्याच अंगाला चावतं, तीन-चार दुव्यांचं कडं तुटून वाफ होऊन उडतं, उरलेलं शेपूट पुन्हा चावतं. म्हणून टोकांना मिथाइलचं टोपण घालायचं. मी घातलं होतं. पण पोटॅश उरला तर टोपणाला कोण विचारतो? तो साखळी मध्येच तोडतो आणि नवी शेपटी उघडी पडते.

म्हणजे दोष रबराचा नव्हता. ज्यानं त्याला घडवलं, त्याचाच उरलेला कण त्याला उकलत होता.

१०.३०. टोल्युइनमध्ये विरघळवून पातळ अॅसिटिक आम्लाबरोबर हलवलं. फनेलमध्ये दोन थर सुटायला हवेत. मधे दुधासारखा तिसराच थर. कारखान्यांत फेस मारायला सिलिकोनचे थेंब टाकतात म्हणे! माझं सिलिकोन मात्र पाण्याशी अडून बसलंय. थांबण्याशिवाय उपाय नाही.

१.००. भाकरी, ठेचा. दूध अजून फुटलेलं नाही.

१.४०. फुटलं. पाण्यानं धुणं: एकदा, दोनदा, चारदा. लिटमस बदलेनासा झाला तरी आणखी एकदा. मग टोल्युइन उडवणं, मग निर्वातात तापवून उरलेली छोटी कडी काढणं. ती नाही काढली तर यंत्राला वाटतं माल सडतोय, खरं तर नुसती वाफ निघतेय.

४.२०. नमुना लावला. ३० ते ८०० अंश, ७७ मिनिटं. तोवर वही. इंग्लंडात नॉटिंगहॅमला किपिंग या प्राध्यापकाच्या हाती हीच चिकट राळ वारंवार लागायची आणि तिचा त्याला वैतागच असे. १९४० साली अमेरिकेत रोचो यानं सिलिकॉनची पूड, तांबं आणि मिथाइल क्लोराइड यांना सुमारे ३०० अंशांवर एकत्र आणलं, आणि या धंद्याला कच्चा माल मिळाला. मॅडमचं पुढचं फर्मान तयारच आहे: काही मिथाइलच्या जागी फेनाइल घाल, ऑक्सिजनसमोर जास्त टिकेल.

५.४०. रेषा ३९० पर्यंत सपाट. मग एकदम उतार, तळाला जवळजवळ काहीच नाही. सगळं कड्यांच्या रूपात उडालं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता हवेत लाव."

७.३०. हवेतला नमुना झाला. इथे भांडं रिकामं नाही: पांढरी, हलकी भुकटी. सिलिका. नदीकाठची वाळूच.

७.५०. आण्णांचा फोन. मोटर गुरुवारी मिळणार. प्रिव्हेंटरचं विचारलं.

"घेतला," म्हणाले. "भरणाऱ्यानंही तेच सांगितलं."

मी पहाटे सांगितलेलं कुठे गेलं, ते विचारलं नाही. भांडं खरवडून घेतलं आणि उद्यासाठी आणखी लिटमस मागवला.