काटकसरीची कळ

सकाळी नऊच्या सुमारास दापोडीकडून हॅरिस पूल ओलांडला, की बोपोडीच्या चौकाशी वाहनांची लांबच लांब रांग दृष्टीस पडते. दुचाक्या, रिक्षा, बसगाड्या, मालमोटारी आणि मोटारी एकमेकींना खेटून मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत असतात. कुणाला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात वेळेवर पोहोचायचे असते, तर कुणाला वाकडेवाडीवरून शिवाजीनगर गाठायचे असते. दिवा तांबडा होतो, रांग थांबते. दिवा हिरवा होतो, रांग हलते. आणि थोडे अंतर जाताच पुन्हा थांबते. पायी शाळेला निघालेली मुले नाकाला रुमाल लावून कडेकडेने वाट काढतात.

या रांगेतील अनेक वाहनांची इंजिने उभ्या जागीही चालूच असतात. वाहन हातभरदेखील पुढे जात नाही, पण इंधन मात्र जळत राहते. अशा गर्दीत एखादी मोटार अगदी निःशब्द उभी असते. तिचे इंजिन बंद असते. दिवा हिरवा होताच ती आवाज न करता हळूच पुढे सरकते. ही संकरित मोटार होय. लोक तिला ‘हायब्रिड’ म्हणतात. तिच्या चालकापुढे बहुधा ‘इको’ नावाची एक कळ असते. ही कळ दाबली की पेट्रोल वाचते, असे सर्वत्र सांगतात. ते कसे वाचते आणि खरोखर कोण वाचवतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

खडकीची आणि इंजिनांची ओळख जुनी आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली, आणि तिच्या खडकी येथील कारखान्यातून निघालेली डिझेल इंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींवर जाऊन बसली. विहिरीवरचे इंजिन एकदा सुरू झाले म्हणजे तासन् तास एकाच चालीने चालते. त्याच्यावरचा भार फारसा बदलत नाही. इंजिनाला अशी संथ, नेमकी कामगिरी मानवते. अशा वेळी त्याच्या पोटात गेलेल्या इंधनाचा चांगला उपयोग होतो. रस्त्यावरील मोटारीच्या इंजिनाचे नशीब तसे नसते. त्याला क्षणात पळावे लागते, क्षणात थांबावे लागते आणि मध्येच रिकामे धडधडत उभे राहावे लागते. म्हणून गर्दीच्या रस्त्यावर साधी मोटार मोकळ्या हमरस्त्यापेक्षा अधिक पेट्रोल खाते.

या अडचणीवरील तोड म्हणजे एकाच गाडीत दोन सोबती जुंपणे. एक पेट्रोलचे इंजिन आणि दुसरी विजेची मोटर. ही कल्पना आजची नाही. फर्डिनंड पोर्शे या तंत्रज्ञाने सन १९०० च्या सुमारास अशी गाडी बनवली होती. पुढे १९९७ साली जपानमध्ये टोयोटा कंपनीची ‘प्रियस’ ही मोटार विक्रीस आली आणि संकरित मोटारी जगभर पसरल्या. भारतात २००८ साली ‘होंडा सिव्हिक हायब्रिड’ आली. पुढे तर अशा मोटारी भारतातील कारखान्यांतच तयार होऊन बाजारात येऊ लागल्या.

या दोन सोबत्यांनी कामाची वाटणी मोठ्या समजुतीने केलेली असते. गाडी जागेवरून हलवणे आणि हळूहळू सरकवणे हे काम विजेची मोटर करते, कारण ते तिला सहज जमते. वेग वाढला किंवा चढ लागला, म्हणजे इंजिन मदतीला येते. गाडी थांबली की इंजिन बंद होते. बॅटरीतील वीज फार कमी झाली, तर मात्र ती भरण्यासाठी ते उभ्या गाडीतही सुरू होते.

परंतु बॅटरीत वीज येते कोठून? बहुतेक संकरित मोटारींना घरच्या विजेची तार जोडावी लागत नाही. काही वीज इंजिन निर्माण करते, आणि काही वीज गाडीच्या गतीतूनच मिळते. धावत्या गाडीत गतीची ऊर्जा साठलेली असते. साधी मोटार ब्रेक लावून थांबवली, की ब्रेकच्या घर्षणाने त्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते. संकरित मोटारीत चालकाने पाय उचलला किंवा ब्रेक हलकेच दाबला, म्हणजे विजेची मोटर उलटे काम करू लागते. आता ती चाकांना फिरवत नाही. चाके तिला फिरवतात, आणि ती वीज निर्माण करून बॅटरीत भरते. खडकीवरून धावणारी पुणे मेट्रो आणि घाट उतरणारी आधुनिक विजेची इंजिने हीच युक्ती वापरतात. ती ब्रेक लावताना वीज तयार करतात आणि वरच्या तारेत परत पाठवतात. अर्थात सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग वाटेत खर्ची पडतोच. शिवाय ब्रेक एकदम जोराने दाबला, तर घर्षणाच्या ब्रेकलाच धाव घ्यावी लागते आणि मिळकत कमी होते.

आता काटकसरीची कळ काय करते ते पाहू. ती पेट्रोल निर्माण करीत नाही आणि इंजिनाची जातही बदलत नाही. ती एवढेच करते, की चालकाच्या पायाचा उतावळेपणा गाडीपर्यंत पोहोचू देत नाही. चालकाने वेग वाढवण्यासाठी पाय थोडा दाबला, तर गाडी उसळी न घेता सावकाश वेग घेते. गाडी गार ठेवणाऱ्या यंत्रालाही ही कळ जरा आवर घालते. घरातील जाणती आजी तेलाची बुधली कुलपात ठेवीत नाही. फक्त पळी लहान वापरते. या कळीचेही तसेच आहे.

पळी लहान असली, तरी ती वारंवार बुडवली तर तेल संपणारच. त्याचप्रमाणे कळ दाबूनही चालक जर सारखा वेग वाढवील आणि सारखा ब्रेक मारील, तर बचत नाहीशी होईल. यासाठी एक हिशेब करून पाहावा. समजा, दोन चौकांमध्ये ६०० मीटर अंतर आहे. दोन मोटारी पहिला चौक एकाच वेळी ओलांडतात, आणि पुढचा दिवा त्या क्षणापासून ७२ सेकंदांनी हिरवा होणार आहे. पहिली मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने जाऊन ५४ सेकंदांत पुढच्या चौकात येते, ब्रेक लावते आणि १८ सेकंद थांबते. दुसरी ताशी ३० किलोमीटर वेगाने येते. तिला बरोबर ७२ सेकंद लागतात, आणि ती पोहोचते तेव्हा दिवा हिरवा होतो. चौक दोघी एकाच वेळी ओलांडतात. मात्र पहिलीला शून्यापासून पुन्हा वेग घ्यावा लागतो. दुसरीजवळ तिची गती शिल्लक असते.

शिवाय वेग दुप्पट झाला, की गतीची ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी ४० किलोमीटर वेगासाठी लागणारी ऊर्जा ताशी ३० किलोमीटरच्या सुमारे पावणेदोनपट असते. पहिल्या मोटारीने एवढी ऊर्जा खर्चून एक सेकंदही मिळवला नाही.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळच्या सायकलस्वाराला हे गणित कुणी शिकवले नव्हते, पण त्याच्या पायांना ते ठाऊक होते. दूरवर तांबडा दिवा दिसला, की तो पायडल मारणे थांबवी आणि सायकल आपोआप पुढे जाऊ देई. स्वतःच्या पोटऱ्यांनी कमावलेली गती ब्रेकखाली चिरडणे त्याच्या जिवावर येई. मोटारीत कष्ट पायांचे नसून पेट्रोलचे असतात, म्हणून चालकाला ते जाणवत नाहीत. जाणता चालक दृष्टी दूर ठेवतो, पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखतो आणि पाय वेळेवर उचलतो.

काटकसरीलाही मर्यादा असते. चढावर, मोठ्या रस्त्याला मिळताना किंवा रुग्णवाहिकेला वाट करून देताना गाडीने तत्काळ वेग घेणे आवश्यक असते. अशा वेळी थेंबभर पेट्रोलाचा विचार करू नये. मागील वाहनांचा खोळंबा करीत रेंगाळणे ही बचत म्हणता येत नाही. त्यामुळे इतरांचे इंधन जळते आणि अपघाताचे भय वाढते. काही चालक बचत होईल या समजुतीने चौकात गियर काढून ठेवतात. अनेक संकरित मोटारींत त्यामुळे बॅटरी भरणेच थांबते.

एवढ्याशा बचतीने काय होणार, असे कुणी विचारील. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल परदेशांतून विकत आणावे लागते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळाले, की त्यातील कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोग्रॅम वजनाच्या द्रवातून त्याच्या तिप्पट वजनाचा वायू हवेत जातो. त्याच्यासोबत आरोग्यास अपायकारक असे इतर वायूही असतात. ते प्रथम रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांच्या छातीत शिरतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण तेलाप्रमाणे धुरालाही लागू पडते.

बोपोडीच्या चौकात दिवा पुन्हा तांबडा होतो. एक चालक घाईने पुढे येऊन करकचून ब्रेक लावतो. दुसऱ्याने तो दिवा दुरूनच पाहिलेला असतो. त्याची मोटार संथपणे येऊन त्याच्याशेजारी उभी राहते आणि तिचे इंजिन शांत झालेले असते. दिवा दोघांसाठी एकाच वेळी हिरवा होणार असतो. तोवर कडेने शाळेची मुले रस्ता ओलांडून जातात.