कोल्हापूर-नागपूर : अंतर सातशे, वेळ किती?

कोल्हापूरचे उजळाईवाडी आणि नागपूरचे सोनेगाव हे राज्याच्या दोन टोकांना असलेले विमानतळ. नकाशावर सरळ रेषा ओढल्यास त्यांच्यातील अंतर सुमारे ७०० किलोमीटर भरते. सोलापूर-नांदेडमार्गे रस्त्याने गेल्यास ते साडेआठशेच्या आसपास जाते. हिवाळी अधिवेशनासाठी वा न्यायालयीन तारखेसाठी जाणाऱ्याचा अख्खा दिवस या रस्त्यावरच जातो. साहजिकच, विमानाने हे अंतर किती वेळात कापता येईल, याची उत्सुकता असते.

अंतराला वेगाने भागण्याचे शाळकरी गणित येथे अपुरे पडते. एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे १ तास २४ मिनिटे. एम्ब्रेअर-१७५ हे जेट ताशी ८०० किलोमीटर धरल्यास अवघी ५३ मिनिटे. वेळापत्रकात मात्र यात वीस-तीस मिनिटांची भर घालावीच लागते. कारण तेथील वेळ आकाशातील नसते. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, वर चढताना व खाली उतरतानाचा कमी वेग, हे सारे त्यात येते.

धावपट्टीची दिशाही वेळ खाते. कोल्हापूरहून विमान ईशान्येकडे झेपावते, तर नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी, म्हणजे जवळजवळ काटकोनात. उतरण्यापूर्वी वळसा ठरलेलाच! शिवाय हिवाळ्यात अधिक उंचीवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. ते नागपूरला जाताना साथ देतात आणि परतताना अडवतात.

ही वरकड मिनिटे दोन्ही विमानांना सारखीच लागत असल्याने जेटचा वेग दीडपटीहून अधिक असूनही प्रत्यक्षात वाचतो तो अर्धाच तास. मुंबई-पुण्यासारख्या सव्वाशे किलोमीटरच्या पल्ल्यावर तर हा फरक नगण्यच ठरतो.

२०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर झाली, तेव्हा तासाभराच्या, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, असे सांगण्यात आले. ही मर्यादा ठरावीक आसनांपुरतीच होती. पंख्यांच्या विमानाला ५०० किलोमीटरसाठी घड्याळाप्रमाणे तासाहून अधिक वेळ लागतो, हे त्या घोषणेत झाकले गेले. भाड्याची मर्यादा मात्र अंतराच्या टप्प्यांवर बांधलेली होती, आणि प्रवाशाच्या दृष्टीने तेच बरे झाले.

घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब आणखी निराळा. विमानतळावर दीड तास आधी पोहोचणे आणि दोन्ही शहरांतील अर्धा-अर्धा तास धरल्यास जेटनेही चार तास सहज लागतात. म्हणून तिकीट काढताना विमान कोणते यापेक्षा ते किती वाजता सुटते, हे आधी पाहावे. सकाळी अकराची तारीख असेल आणि विमान दुपारचे असेल, तर आदल्या दिवशीच निघणे भाग आहे.