उणे 253 अंशांचे इंधन कसे सांभाळतात?

जत्रेत बर्फगोळेवाला बर्फाची लादी कशी ठेवतो, पाहिलंय ना? भोवती लाकडाचा भुसा आणि वरून गोणपाट. मला वाटायचं, भुसाच गार असतो. गुरुजी म्हणाले, नाही रे, भुशात हवा अडकून बसते आणि अशा हवेतून बाहेरची उष्णता फार सावकाश आत जाते.

अवकाशयानाच्या इंधनाचेही असेच आहे, फक्त थंडी विलक्षण! हायड्रोजन वायू फार जागा खातो, म्हणून तो गार करून त्याचा द्रव करतात. त्याला लागते उणे 253 अंश सेल्सिअस थंडी. आपला बर्फ तर शून्य अंशालाच होतो! हा द्रव इतका हलका, की एका लिटरचे वजन जेमतेम 71 ग्रॅम. जरा ऊब लागली की उकळून त्याचा वायू होतो. घट्ट झाकण लावावे, तर दाब वाढून टाकीच फुटेल. म्हणून वायू सोडावा लागतो, आणि तेवढे इंधन वाया जाते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या केनेडी अवकाश केंद्रावर 1960 च्या दशकात यासाठी गोल टाक्या बांधल्या. एकीत सुमारे 32 लाख लिटर मावते. गोलाच्या आत दुसरा गोल, थर्मासासारखा. मधल्या जागेतली हवा काढून घेतात आणि तिथे पर्लाइट भरतात. पर्लाइट हा ज्वालामुखीचा दगड. तापवला की ज्वारीसारखा फुलतो. म्हणजे दगडाच्या लाह्याच की!

पण उडणाऱ्या यानाला असली जड दुहेरी टाकी कशी झेपणार? अमेरिकेच्या स्पेस शटलच्या नारिंगी टाकीवर साधारण अडीच सेंटीमीटर जाडीचा हलका फोम असे. त्यामुळे इंधन गार राही आणि टाकीवर बर्फही धरत नसे. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यान उडाले, तेव्हा या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. वजन पाऊण किलो, पण वेग इतका की पंखाला भोक पडले. 1 फेब्रुवारीला परत येताना भयंकर तापलेली हवा त्या भोकातून शिरली आणि यान तुटले. आपल्या हरियाणातल्या कर्नालच्या कल्पना चावला आणि सहा सोबती, सातहीजण गेले.

नंतर तुकडा निघाला त्या जागेचा फोम काढून टाकला. तिथे बर्फ धरू नये म्हणून विजेचे हीटर बसवले. एवढ्या थंड टाकीला बाहेरून शेगडी! त्यानंतर 2011 पर्यंत शटल उडत राहिली.