ब्लँकेट वाटून झाल्यावर

डिसेंबर लागला की आपल्या शहरांत ब्लँकेटवाटपाचा हंगाम सुरू होतो. रात्री गाड्या निघतात, पुलाखाली थांबतात, फोटो काढले जातात. यात वाईट काही नाही. थंडीत पांघरूण लागतंच. पण एकाच पुलाखाली एकाच आठवड्यात तीन मंडळं येऊन गेली, तर ती तीन ब्लँकेटं दिवसा ठेवायची कुठे? कामावर जाताना बोचकं मागे ठेवलं तर अतिक्रमणवाल्यांची गाडी ते उचलून नेते आणि त्याच बोचक्यात आधार कार्डही असतं. मग जास्तीचं ब्लँकेट विकलं जातं, आणि ‘यांना दिलेलं टिकत नाही’ असं म्हणायला आपण मोकळे. याच माणसाचं बोचकं दिवसभर दुकानाच्या माळ्यावर ठेवू देणारा दुकानदार त्याला तीन मंडळांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

‘बेघर म्हणजे भिकारी’ हा सगळ्यात पक्का समज. प्रत्यक्षात फुटपाथवर झोपणाऱ्यांत नाक्यावरचे बिगारी असतात, बाजारातले हमाल असतात, लग्नसराईत केटरिंगला जाणारे वाढपी, भंगार-कागद वेचणाऱ्या बाया, सिग्नलवर गजरे विकणारी कुटुंबं असतात. पहाटे बाजारात ज्याला गाडी उतरवायची, त्याला तीस किलोमीटरवरची खोली घेऊन काय करायचंय? १९८१ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवण्याची मोहीम निघाली, त्यावरचा खटला ‘ओल्गा टेलिस’ या नावाने गाजला. १० जुलै १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच नोंदवलं: ही माणसं तिथे राहतात कारण काम तिथे आहे, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. याच निकालाबद्दल उलटा गैरसमजही आहे, की कोर्टाने फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला. तसं नाही. रीतसर नोटीस देऊन हटवण्याचा महापालिकेचा अधिकार कोर्टाने मान्यच केला होता.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईतल्या सुमारे ६ हजार फुटपाथवासी कुटुंबांची पाहणी केली. पुढे भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनीच ‘महिला मिलन’ उभं केलं, बचत सुरू केली. ‘आळशी’ हा शब्द त्यांना कुठे चिकटवायचा, ते म्हणणाऱ्याने ठरवावं.

दुसरा समज वरवर सज्जन वाटतो: ‘पोलिसांना कळवावं, ते उचलून सोय करतील.’ इथे सावध राहावं. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे. त्यात हात पसरणं तर गुन्हा आहेच, पण पोटापाण्याचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी ठराविक रीतीने भटकणं-थांबणंही त्याच व्याख्येत बसवलेलं आहे. त्यामुळे रात्रपाळी करून दिवसा झोपलेला मजूरही पकडला जाऊ शकतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा अजून लागू आहे. तेव्हा फोन करण्याआधी कोणासाठी करतोय ते बघावं. मूल एकटं दिसलं तर १०९८, निराधार वृद्ध असतील तर १४५६७, जिवाचा धोका असेल तर ११२.

आणि ज्याला आपण बिनदिक्कत ‘वेडा’ म्हणून रस्ता ओलांडतो, त्याचं काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. मानसिक आजाराने भटकणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. घरच्यांचा पत्ता नसेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवून कुटुंब शोधायचं. पोलीस ठाण्यात हे कलम नाव घेऊन सांगावं लागतं, हा भाग वेगळा. ‘यांचं कोणी नसतं’ असं आपण धरून चालतो. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ‘श्रद्धा’ संस्थेने नेमकं हेच खोटं ठरवलं. कर्जतच्या केंद्रात उपचार झाले की माणसाला गावाचं नाव आठवतं आणि संस्थेची माणसं त्याला देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात घरी सोडून येतात. हजारो जण असे परतले आहेत. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. भरत वाटवानींना याच कामासाठी मिळाला. आपण करण्यासारखं छोटं आहे, पण मोलाचं: तो माणूस कोणती भाषा बोलतो, बडबडीत कोणत्या गावाचं नाव घेतो, कधीपासून इथे दिसतो, हे लिहून ठेवणं. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरवून मात्र काही होत नाही.

‘निवारे आहेत, यांनाच जायचं नसतं.’ हे अर्धसत्य. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना बजावलं की दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. २०१३ च्या केंद्रीय योजनेतही लाखामागे किमान १०० जणांची सोय धरली होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे शंभराहून अधिक निवारे हवेत. मुंबई त्या आकड्याच्या जवळपासही नाही. जे आहेत त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. तीन लेकरांचं कुटुंब फुटून राहायला तयार होत नाही. आणि नवा निवारा कुठे काढायचा म्हटलं की आसपासच्या सोसायट्यांचं निवेदन आधी पोहोचतं. ब्लँकेट वाटणारेही त्यावर सही करतात! आपल्या वॉर्डात निवारा येत असेल तर त्याला विरोध न करणं ही बिनपैशाची, पण सगळ्यात जड जाणारी मदत.

कागदांबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ‘पत्ता नाही म्हणजे मतदार यादीत नाव नाही’ हे चूक आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार अशा अर्जदारासाठी बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री त्या जागी जाऊन, तेही एकाहून अधिक रात्री, माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं. पटलं की राहण्याचा वेगळा पुरावा लागत नाही. अडतं ते मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरून देणारं आणि बीएलओला नेमकी जागा दाखवणारं कोणी नसल्यामुळे. एक संध्याकाळ लागते. आधार, बँक खातं, रेशन यांच्या रांगेतही लिहितावाचता येणारा माणूस सोबत असला की खिडकीपलीकडचा सूर बदलतो.

२०११ च्या जनगणनेने बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री केली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर माणसं मिळाली, देशात १७ लाख ७३ हजार. एका रात्रीत जे दिसले तेवढेच मोजले गेले. बंद दुकानाच्या जिन्याखाली झोपलेला सुटला असेल तर तो सुटलाच. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तुमच्या भागात कोण कुठे झोपतं हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रगणक येईल तेव्हा त्याला त्या जागा सांगा, जमलं तर सोबत जाऊन दाखवा.