गप्प बसणारा आवाज

तीन वर्षांपूर्वी एका एफएम स्टेशनला ऑडिशन दिली होती. स्क्रिप्ट वाचता वाचता एका ठिकाणी मुद्दाम थांबले. फार नाही, तीनच सेकंद! काचेपलीकडून लगेच आवाज आला, "मॅडम, असं थांबलात तर लोकांना रेडिओ बिघडलाय असं वाटेल." नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

तेव्हा मला विन स्कली माहीत असता तर!

बेसबॉल हा आपला ऑप्शनला टाकलेला विषय, मान्य. पण हा माणूस भन्नाट होता. जन्म १९२७चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. लहानपणी घरातल्या भल्यामोठ्या रेडिओखाली उशी घेऊन शिरायचा आणि फुटबॉल मॅचच्या गर्दीचा कल्ला अंगावर घेत पडून राहायचा.

१९५० मध्ये, २२व्या वर्षी तो 'ब्रुकलिन डॉजर्स'चा कॉमेंटेटर झाला आणि थेट २०१६ मध्ये थांबला. ६७ सीझन, एकच टीम! आपण अप्रेझलनंतर लगेच रेझ्युमे अपडेट करतो, बॉस.

१९५८ मध्ये टीम लॉस एंजेलिसला गेली. तिथलं कॉलिझियम स्टेडियम इतकं प्रचंड, की मागच्या रांगांतून खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे. मग लोक ट्रान्झिस्टर घेऊनच यायचे. मॅच डोळ्यांसमोर आणि कानात स्कली!

पण त्याची खरी कमाल १९७४ मध्ये, अटलांटात दिसली. ८ एप्रिलला हँक एरननं ७१५वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. गोऱ्या हिरोचा विक्रम एक काळा खेळाडू मोडतोय म्हणून एरनला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. चेंडू कुंपणापार गेला, आणि स्कली चक्क गप्प बसला! वीसहून जास्त सेकंद फक्त गर्दीचा जल्लोष. मग तो बोलला ते नेमकं: अमेरिकेच्या दक्षिणेत लोक एका कृष्णवर्णीयासाठी उभे राहून टाळ्या वाजवताहेत, हा केवढा मोठा क्षण! त्या टाळ्या आधी ऐकू दिल्या, म्हणून त्याचं वाक्य पोचलं.

२०२२ मध्ये, ९४व्या वर्षी स्कली गेला.

मी आता मुलाखती घेते. समोरचा अडखळला की पूर्वी घाईघाईनं पुढचा प्रश्न टाकायचे. हल्ली थांबते. तीन सेकंद, कधी दहा. मनातलं उत्तर बहुतेक वेळा त्यानंतरच येतं.