शुद्धीचें मोजमाप



रस्त्यावर वाहनाची धडक बसून कोणी पडला, कीं भोंवतीं जमलेल्या मंडळींची दृष्टि प्रथम रक्ताकडे जाते. परंतु मेंदूस किती इजा झाली तें रक्तावरून समजत नाहीं. वर ओरखडाहि नसतां कवटीच्या आंत रक्त सांठत असूं शकतें. वैद्य पाहतो तें, मनुष्य कितपत शुद्धीवर आहे.

पूर्वीं टिपणांत 'गुंगींत', 'अर्धवट शुद्धींत' असे शब्द लिहीत. एकाची गुंगी ती दुसऱ्याची बेशुद्धि! मग सकाळचा रोगी संध्याकाळीं सुधारला कीं बिघडला, हें ठरावें कसें? १९७४ सालीं ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट ह्या मेंदूच्या शस्त्रवैद्यांनीं 'लॅन्सेट' नियतकालिकांत एक मोजणी प्रसिद्ध केली. तीस यंत्र लागत नाहीं.

आजच्या रूपांत तिच्यांत डोळ्यांस ४, बोलण्यास ५ व हालचालीस ६ अंक आहेत. आपण होऊन डोळे उघडणारास ४, हांकेनें उघडणारास ३. स्थळकाळाचें भान ठेवून बोलेल त्यास ५, गोंधळून बोलेल त्यास ४. हालचालीची परीक्षा मला सर्वांत बोलकी वाटते. सांगितल्याप्रमाणें हात हालवील त्यास ६. खांद्याचा स्नायु दाबला असतां दाबणाराचा हात सारूं पाहील त्यास ५. नखावर दाब देतांच हात नुसता मागें घेईल त्यास ४. हात ताठ पसरेल त्यास अवघे २. प्रत्येक सदरांत निदान १ मिळतोच. म्हणून शून्य कोणासच नाहीं, मृतासहि ३ असतात.

बेरीज १३ ते १५ असल्यास इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी असल्यास तीव्र मानितात. 'सौम्य' हा शब्द मात्र फसवा आहे. कधीं कधीं मुलगा पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठून नीट बोलूं लागतो. आणि कांहीं तासांनीं कवटी व मेंदूचें आवरण ह्यांमध्यें सांठलेल्या रक्ताच्या दाबानें पुनः बेशुद्ध होतो. म्हणून एकदां मोजून भागत नाहीं. १५ चे १३ झाले, तर तो उतार मूळच्या १३ पेक्षांहि अधिक भयसूचक असूं शकतो. तसेंच, तोंडास दारूचा वास आला म्हणून गुंगीचें खापर दारूवर फोडणें घातक आहे.

वारंवार वांति, वाढती झोंप, झटके, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसणें, ह्यांपैकीं कांहींहि आढळल्यास रुग्णालय तत्काळ गांठावें. तेथें स्कॅननें आंतील रक्त दिसतें. नेतांना, तो केव्हां पडला, केव्हांपर्यंत नीट बोलत होता व केव्हां बोलेनासा झाला, ह्या वेळा कागदावर टिपून न्याव्या.